जाहिरात फुकट, पण फोन कुणाचा?

"मोबाईलवर जाहिरात करा, एक रुपयाही न घालता धंदा वाढवा!" बचत गटांच्या प्रशिक्षणात हल्ली हे वाक्य हमखास ऐकू येतं. पंढरपूर तालुक्यातल्या करकंब भागात गटांबरोबर काम करताना मीही ते ऐकते. आणि विचारावंसं वाटतं, की हा फोन आहे कुणाचा?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्वतः वापरते असा मोबाईल असलेल्या बायका देशात सुमारे ५४ टक्के होत्या. कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या बायका ३३ टक्के, तर पुरुष ५७ टक्के. त्यानंतर फोन वाढले. पण घरातला चांगला फोन आधी नवऱ्याच्या खिशात, मग मुलाच्या हातात, हा क्रम मला अजून घरोघरी दिसतो.

आपल्याकडची कडक भाकरी आणि शेंगाचटणी टिकाऊ. पुण्या-मुंबईला पाठवता येते, म्हणून व्हॉट्सअॅपवर विकायला सोयीची. पहाटे उठून भाकरी थापते बाई. फोटो काढतो मुलगा. जाहिरातीत नंबर नवऱ्याचा आणि पैसेही त्याच्याच खात्यात. गिऱ्हाईक 'दादा, दोन पाकिटं पाठवा' म्हणतं. धंदा दादांचा झाला, आणि बाई पुन्हा घरकाम करणारी! बाजारात बसणारी बाई निदान रोकड कनवटीला लावत होती. आता पैसा तिच्या हाताला न लागताच घरात येतो आणि तसाच खर्चही होतो.

फुकट तरी काय आहे? रात्री अकरापर्यंत निरोपांना उत्तरं द्यायची, भाव करणाऱ्यांना समजवायचं, पाकिटं बांधायची. या वेळेची मजुरी भाकरीच्या किमतीत कुणी धरत नाही. बाईचे श्रम मोजायचेच नाहीत, ही जुनी रीत नव्या यंत्रात तशीच शिरली आहे.

आणि जिचा नंबर जाहीर होतो, तिला नको ते फोन येतात. मग घरचे म्हणतात, "बंद कर तो धंदा." त्रास देणारा मोकळा, शिक्षा बाईला! बाई स्पष्ट नको म्हणत असताना पुन्हा पुन्हा संपर्क साधणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. हे प्रशिक्षणात का शिकवत नाहीत?

कुणी म्हणेल, मग बायकांनी फोन वापरूच नये का? जरूर वापरावा. व्हॉट्सअॅपच्या प्रसारण यादीतून पाठवलेला निरोप, ज्यांनी आपला नंबर जतन केला आहे त्यांनाच पोचतो. म्हणजे भांडवल आहे ते आपल्या ओळखीचं, आपण मिळवलेल्या विश्वासाचं. ते बाईचं आहे, तर धंद्याची मालकीही तिचीच हवी.

१९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत उभं राहिलं. त्यांच्याकडेही पैसा नव्हता. पण लाटणारी बहीणच मालक, हे त्यांनी ठरवलं आणि पाळलं.

म्हणून माझं म्हणणं असं : धंद्याचं सिमकार्ड वेगळं आणि गटातल्या बाईच्या नावावर असावं. घरचा नंबर जाहिरातीत देऊ नये. क्यूआर कोड गटाच्या खात्यावर मिळावा म्हणून बँकेत सगळ्यांनी मिळून जावं. तोवर तो बाईच्या स्वतःच्या खात्यावर असावा आणि पिन तिलाच ठाऊक असावा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे प्रत्येकीला सांगावं. निरोपांना उत्तरं देण्याची पाळी लावून त्या वेळेची मजुरी किमतीत धरावी. नको ते फोन आले तर गटाने एकत्र तक्रार करावी.

मैत्रिणींनो, जाहिरात कशी करायची हे शिकवणारे पुष्कळ आहेत. आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत मात्र आधी एवढं विचारा : नंबर कुणाचा, खातं कुणाचं, आणि गेल्या महिन्यात आलेला पैसा कुणी खर्च केला? उत्तरं गटाच्या वहीत लिहून ठेवा. लढा कुठून सुरू करायचा ते त्या वहीतच दिसेल.