रबराला जंगल म्हणू नका

मा. महासंचालक,
भारतीय वन सर्वेक्षण, डेहराडून

महोदय,

तुमच्या 2023च्या वनस्थिती अहवालात पश्चिम घाटाच्या पर्यावरणसंवेदनशील क्षेत्राचे आकडे आहेत. दहा वर्षांत अतिघनदाट वन 3,465 चौरस किलोमीटरने वाढलं. मध्यम घनदाट 1,043ने आणि विरळ वन 2,480ने घटलं. वजाबाकी करून 58 चौरस किलोमीटरची घट उरते आणि चर्चा त्या 58वर थांबते. आम्हा सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या लोकांना विचारायचंय ते त्या 3,465बद्दल. ही एवढी नवी दाट सावली कोणत्या झाडांची आहे? अहवालातल्या आकड्यांत याचं उत्तर नाही.

ते असणारही नाही, कारण तुमच्या व्याख्येला झाडाची जात लागतच नाही. एक हेक्टर किंवा त्याहून मोठी जमीन आणि तिच्यावर 10 टक्क्यांहून जास्त छत्र, एवढं पुरतं. मालक कोण, जमीन कशासाठी वापरली जाते, झाड कोणतं, याने काही बदलत नाही. छत्र 70 टक्क्यांवर गेलं की ते अतिघनदाट. आता आमच्याकडे काय घडतं ते ऐका. डोंगरउतारावरचं जुनं रान तुटतं, जेसीबी फिरतो, पायऱ्या पडतात, रबर लागतं. काही वर्षांत रबराच्या फांद्या एकमेकींना भिडतात आणि खाली भर दुपारी अंधारतं. ऐन, किंजळ, जांभा गेले, धनेशाच्या ढोली गेल्या, उन्हाळ्यात झिरपणारं पाणी गेलं. तुमच्या नकाशावर मात्र तो उतार पुन्हा वन झालेला असतो, कदाचित आधीपेक्षा वरच्या वर्गातला. जंगल गेल्याची नोंद राहत नाही आणि त्या जागी आलेल्या पिकाचीही राहत नाही. ही चूक मोजणीच्या पद्धतीतच बसलेली आहे आणि म्हणूनच ती दर दोन वर्षांनी पुन्हा छापली जाते.

आकाशातून झाडाची जात ओळखता येत नाही, असं कृपा करून सांगू नका. ती ओळखता येते, पण तुम्ही निवडलेल्या महिन्यांत नाही. वनाच्छादनाच्या नकाशासाठी तुम्ही ऑक्टोबर ते डिसेंबरची चित्रं घेता. ढग कमी असतात आणि पानगळीच्या झाडांवरही पानं असतात, हे त्यामागचं कारण, आणि एकूण हिरवळ मोजायला ते बरोबरही आहे. पण त्याच महिन्यांत सह्याद्रीतलं जवळपास प्रत्येक झाड हिरवं असतं. रबर हिरवं, साग हिरवा, काजू हिरवा, रान हिरवं. फरक पडतो तो पुढे. जानेवारी-फेब्रुवारीत रबर पानं टाकतं आणि थोड्याच आठवड्यांत तांबूस कोवळी पालवी घेऊन पुन्हा भरतं. साग ऐन उन्हाळ्यात उघडा पडतो आणि पावसाच्या तोंडावर फुटतो. काजू वर्षभर पान धरून मोहोरतो. शेजारचं निमसदाहरित रान या सगळ्या काळात आपली हिरवाई फारशी सोडत नाही. म्हणजे एकाच टेकडीची जानेवारी ते मेपर्यंतची चित्रं ओळीने ठेवली, तर कोणती बाग आणि कोणतं रान हे तिच्या पानगळीच्या तारखाच सांगतात.

ही चित्रं दुर्मीळही नाहीत. युरोपचा सेंटिनेल-2 उपग्रह 2015पासून 10 मीटरच्या तपशिलाची चित्रं देतोय, जोडीचा दुसरा उपग्रह आल्यापासून दर पाच दिवसांनी, आणि तीही फुकट. पानातलं हरितद्रव्य चढतं-उतरतं तेव्हा लाल आणि अवरक्त यांच्या सीमेवरचे जे प्रकाशपट्टे बदलतात, ते त्यात मुद्दाम घातलेले आहेत. तुम्ही वापरता त्या लिस-3 या उपग्रहावरच्या कॅमेऱ्याच्या चित्राचा एक चौकोन 23.5 मीटरचा. एका हेक्टरात असे 18 चौकोन बसतात, सेंटिनेलचे 100. आमच्याच तालुक्यातलं उदाहरण घ्या. हेवाळे-बांबर्डेची रानजायफळाची दलदल 2021 साली जैवविविधता वारसास्थळ झाली. तिचं क्षेत्र 2.59 हेक्टर, म्हणजे तुमच्या नकाशावर जेमतेम 47 चौकोन. तिच्या भोवतीच्या उतारांवर रबर चढलं, तर तुमच्या वनाच्छादनाच्या नकाशात काहीही हललेलं दिसणार नाही.

जगाने हे काम करून दाखवलंय. 2023 साली ‘नेचर’मध्ये आग्नेय आशियातल्या रबराचा नकाशा आला, सेंटिनेल-2च्या चित्रांवरून आणि रबराच्या याच पानगळीच्या खुणेवरून. 1993पासून 40 लाख हेक्टरांहून अधिक जंगल रबराखाली गेल्याचं त्यातून कळलं, आधीच्या अंदाजांपेक्षा दोन-तीन पटींनी जास्त. आपल्याकडेही इस्रो आणि नासाने 2015-16मध्ये विमानातून देशातल्या 57 ठिकाणांची शेकडो प्रकाशपट्ट्यांतली चित्रं घेतली. जुलै 2025मध्ये या दोघांचा निसार उपग्रह अवकाशात गेला, त्याचं रडार पावसाळी ढगांतूनही पाहतं. एवढी साधनं हाताशी असलेल्या देशाच्या राजधानीत मंत्र्यांचे बंगलेही वनाच्छादनात मोजले गेले, हे वर्तमानपत्रांत छापून आलंय. चहामळेही तुमच्या नकाशात वन आहेत, हे परिसंस्थाशास्त्रज्ञ एम. डी. मधुसूदन यांनी दाखवून दिलंय. आणि 2010 सालीच पुयरावो, दाविदार आणि लॉरन्स या संशोधकांनी लिहिलं होतं की लागवडी वजा केल्या तर देशातलं मूळ जंगल दरवर्षी दीड ते 2.7 टक्क्यांनी घटतंय. त्यांचा आकडा मान्य नसेल तर तुमचा द्या. त्यानंतर तुमचे कितीतरी अहवाल आले, लागवडी वजा केलेला आकडा एकातही आला नाही.

अडचणी आम्हाला माहीत आहेत. कोकणातल्या बागा गुंठ्यांच्या, काजूत फणस, फणसाशेजारी आंबा, बांधावर रानटी झाडं. डोंगराच्या सावलीत चित्र फसतं. अशा ठिकाणी चुका होतील. पण विदर्भात वनविकास महामंडळाची 1974पासूनची सागाची रोपवनं आहेत. एका वयाची, एका जातीची, रांगेत लावलेली, कक्ष क्रमांक आणि लागवडीचं वर्ष यांसह नोंदलेली. उपग्रहाच्या चित्राला ताडून पाहायला याहून चांगला पुरावा कोणता हवा? तुमच्याच वनप्रकारांच्या नकाशात लागवडी आणि वनाबाहेरची झाडं अशी एकत्र ओळ आहे. म्हणजे हे रान नाही, एवढं तुमच्या संस्थेला दिसतंय. साग, निलगिरी, रबर, काजू सगळं त्या एका ओळीत कोंबायचं आणि देशाला सांगायच्या आकड्यात पुन्हा वन म्हणून धरायचं, हे आम्ही का मान्य करावं?

या आकड्यावर पुढचे हिशेब उभे आहेत. याच अहवालाच्या जोरावर भारत जगाला सांगतो की 2005च्या तुलनेत 2.29 अब्ज टन कार्बन डायऑक्साइड जादा साठवला गेला. पण निलगिरी काही वर्षांत तोडली जाते, रबर साधारण तीस वर्षांत; मग तो साठा राहतो कुठे? पाम तेलाच्या अभियानात 2021पासून लाखो हेक्टरांची लागवड चालू आहे, आणि तुमच्या व्याख्येत ताडवर्गीय झाडंही बसतात. तीही उद्या वन होणार का?

मी काजूवाला आहे. काजूला काजू म्हणा, आम्हाला त्यात कमीपणा नाही.

पुढच्या अहवालात सिंधुदुर्गाची ओळ फोडून द्या: नैसर्गिक वन, रबर, काजू, आंबा, साग, बाकीची लागवड. प्रत्येकापुढे चुकीची शक्यता टक्क्यांत लिहा आणि नकाशा गावागावाला उघडून पाहता येईल असा ठेवा. जिथे ओळख पटली नाही, तिथे ‘ओळख पटली नाही’ असं छापा. त्या गटांत जाऊन झाडं सांगायला आमच्या ग्रामसभा तयार आहेत.

दोडामार्ग तालुक्यातील एक बागायतदार