गाडी वळताना काय सांगते?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस पिंगुळीहून भाच्याचा फोन आला. "मामानू, गाडी वळवताना कटकट करता. गॅरेजवालो म्हणता, स्टेअरिंगचो सगळो सेट बदलूक व्हयो." खर्च सांगितला होता बावीस हजार. भाच्याची गाडी हौसेची नव्हे. हप्त्यावर घेतलेली जुनी वॅगनआर, टुरिस्ट परवान्याची. कुडाळ स्टेशनवर उतरलेली माणसे गावोगाव पोचवायची, पिंगुळीची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना न्यायचे-आणायचे, त्यावर घर चालते. बहिणीने तर बचत गटातून कर्ज काढायचे ठरवूनही टाकले होते. मी म्हटले, "दोन दिस थांब, मी येतंय. तवसर भाडा मारू नको."

एस.टी.च्या वर्कशॉपात मी उमेदीची वर्षे काढली. तिथला पहिला धडा असा की, आवाज आला की आधी चाकाचे नट बघावेत. पंक्चर काढल्यावर नट नीट आवळले गेले नाहीत तर वळणावर चाक कडकडते, आणि ते निघून जायला वेळ लागत नाही. त्यानंतर टायरच्या खाचेत किंवा ब्रेकच्या पत्र्यामागे खडी अडकली आहे का ते पाहावे. आपल्याकडच्या चिऱ्याच्या खड्यांनी कितीतरी वाहनधारकांना उगाच गॅरेजची पायरी चढायला लावली आहे!

भाच्याच्या गाडीचे नट घट्ट होते. मग मोकळ्या जागेत स्टेअरिंग डावीकडे पूर्ण फिरवून गाडी अगदी हळू गोल फिरवायला सांगितली. खिडकीची काच खाली, रेडिओ बंद. कट्-कट्-कट् असा आवाज आला, आणि वेग वाढवला तसा तोही भरभर येऊ लागला. उजवीकडे फिरवल्यावर जवळजवळ गप्प. सरळ रस्त्यावर काहीच नाही. गाडी उभी ठेवून स्टेअरिंग फिरवले तरी काही नाही. ही शेवटची खूण महत्त्वाची. स्टेअरिंगचा सेट खराब असता, तर गाडी जागेवर उभी असतानाही त्याने थोडाफार खडखडाट केला असता. हा दोष चाकाला फिरवणाऱ्या अ‍ॅक्सलच्या सांध्याचा होता. त्याला सीव्ही जॉइंट म्हणतात.

हा सांधा म्हणजे वाटीसारखी लोखंडी बैठक. तिच्या खाचांतून पोलादी गोळ्या फिरतात, म्हणून चाक वळलेले असतानाही इंजिनाची ताकद त्याच्यापर्यंत पोचते. गोळ्या ग्रीसमध्ये बुडालेल्या असतात आणि वरून भात्यासारखे रबरी बूट असते. बूट फाटले की ग्रीस बाहेर उडते आणि आत पाणी व तांबडी माती शिरते. ती माती गोळ्यांना कानसेसारखी झिजवते. आम्ही खाली वाकून पाहिले, तर उजव्या चाकाच्या आतल्या अंगाला काळ्या ग्रीसचा पट्टा उडालेला आणि बुटाला बोटभर चीर. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो, म्हणून तोच सांधा बोलत होता.

बूट फाटले आणि आवाज अजून सुरू झाला नाही, अशा वेळी सापडले तर सांधा उघडून धुवावा, त्याचेच काळे मॉलिब्डेनमचे ग्रीस भरावे आणि नवे बूट व क्लिपा बसवाव्यात. हे काम शेकड्यात होते. एकदा कटकट सुरू झाली की नवे ग्रीस भरून ती जात नाही. सांधा बदलावाच लागतो आणि मग पैसे हजारांत जातात.

एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो. ओम्नी, पद्मिनी, अँबॅसिडर या गाड्यांची मागची चाके इंजिनाच्या जोरावर फिरतात. त्यांच्या पुढच्या चाकांना असला अ‍ॅक्सल नसतोच. ओम्नीचा पुढचा अ‍ॅक्सल बदलायला कोणी सांगितले, तर नमस्कार करून उठावे.

दुसरा आवाज घुंघुं असा. तो इंजिनाच्या नव्हे, गाडीच्या वेगाबरोबर वाढतो आणि आंबोली घाटासारख्या वळणांवर एका बाजूला वळताना जास्त, दुसऱ्या बाजूला कमी होतो. हे चाकाचे बेअरिंग. तिसरा आवाज खाड् किंवा टंग असा, उभ्या गाडीतही स्टेअरिंग फिरवताना येणारा. त्यात शॉकअपचे वरचे माउंटिंग असेल तर थोडे दिवस निभेल. परंतु बॉल जॉइंट किंवा टाय रॉडचे टोक असेल, तर भाडे त्याच दिवशी बंद करावे. बॉल जॉइंट सुटला की चाक आडवे पडते, मग स्टेअरिंग हातात असून नसून सारखेच.

ओळखायचे असे. सपाट जागी हँडब्रेक लावून, मागच्या चाकांना दगड लावून पुढचे चाक जॅकने उचलावे आणि खाली स्टँड द्यावा. चाक घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवावे. ढिले लागले तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. ढिलाई गेली तर बेअरिंग, राहिली तर बॉल जॉइंट. ३ आणि ९ वर धरून ढिले लागले तर बहुधा टाय रॉड. गाडी नुसत्या जॅकवर असताना कोणीही खाली शिरू नये. घरात मुलगा कितीही उत्साही असला तरी नाही.

तेलाचे पॉवर स्टेअरिंग असेल तर पूर्ण फिरवल्यावर कुंई असा आवाज निघतो. तेल कमी आहे का, बेल्ट ढिला आहे का, ते बघावे. स्टेअरिंग टोकाला दाबून धरू नये. विजेवरच्या स्टेअरिंगला हे तेल नसतेच.

भाच्याला उजवा बाहेरचा सांधा आणि बूट बदलून मिळाले. सांगितलेल्या बावीस हजारांच्या चौथाईतही खर्च गेला नाही. बहिणीने गटाचे कर्ज घेतले नाही. परत निघताना मी डावे बूट बोटांनी दाबून पाहिले, तर घड्यांमध्ये रबर तडकलेले होते, पण ग्रीस अजून आतच होते. तेही त्याच दिवशी बदलून घेतले.