इटालियनमधलं ‘आवडणं’ : मराठी माणसाला इंग्रजीचा वळसा कशाला?

फेसबुक इटालियन भाषेत लावलं की ‘लाइक’च्या बटणावर ‘मी प्याचे’ अशी अक्षरं दिसतात. यातला ‘मी’ म्हणजे आपला मी नव्हे. त्याचा अर्थ ‘मला’. ‘प्याचे’ म्हणजे आवडतं. मूळ क्रियापद ‘प्याचेरे’.

इंग्रजी भाषक इथे हमखास अडखळतात. इंग्रजीत ज्याला आवडतं तो कर्ता, तर इटालियनमध्ये जे आवडतं ते कर्ता. त्यामुळे ‘मला आवडतं’ म्हणायला गेलेला नवशिका ‘यो प्याच्चो’ म्हणून बसतो. त्याचा अर्थ होतो, ‘मी आवडतो’!

मराठीत नेमकी हीच रचना आहे. ‘मी प्याचे इल लिब्रो’ म्हणजे मला पुस्तक आवडतं. पुस्तकं अनेक असली की ‘मी प्याच्चोनो ई लिब्री’, मला पुस्तकं आवडतात. भूतकाळात तर लिंगही वस्तूचंच लागतं. सिनेमा आवडला तर ‘मी ए प्याचुतो’, भाषा आवडली तर ‘मी ए प्याचुता’. बोलणारा पुरुष आहे की स्त्री, याने काही फरक पडत नाही. ‘आवडला’, ‘आवडली’ म्हणताना आपण दुसरं काय करतो?

तरीही पुण्या-मुंबईतले विद्यार्थी इटालियन शिकतात ते बहुतेक वेळा इंग्रजीतून. पुस्तकं इंग्रजीत, अ‍ॅपही इंग्रजीत. म्हणजे घरात असलेलं वाक्य आधी इंग्रजीत उलटं करायचं आणि मग पुन्हा सुलटं! शिक्षकांनी पहिल्याच तासाला ‘मला आवडतं’ फळ्यावर लिहिलं, तर निम्मी डोकेदुखी वाचेल.

प्रश्न हौसेपुरता नाही. इटलीतल्या विद्यापीठांत इंग्रजीतून पदवी मिळते, पण घरमालकाशी आणि दुकानदाराशी बोलायला इटालियनच लागतं. नागरिकत्व हवं असेल, तर २०१८ पासून बी-१ पातळीचं इटालियन सक्तीचं आहे.

अर्थात सगळंच जुळत नाही. आपला ‘ला’ नावाच्या मागे, त्यांचा ‘आ’ पुढे : मारियाला म्हणजे ‘आ मारीया’. लिंगंही वेगळी. आपला पिझ्झा ‘तो’, इटलीत मात्र ‘ती’.

एक सावधगिरी मात्र दोन्हीकडे सारखीच. ‘मी प्याची’ म्हणजे ‘तू मला आवडतेस’ किंवा ‘आवडतोस’. ऑफिसातल्या सहकाऱ्याला हे सहज म्हणाल, तर मिलानमध्येही भुवया उंचावतील.