क्लेमच्या फायलीतलं स्टिकर

प्रति,
मा. अध्यक्ष, भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद
तसेच सर्व आरोग्य विमा कंपन्या आणि टीपीए (विमा कंपन्यांसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्था)



हाडांच्या ऑपरेशनला लागणारे इम्प्लांट मी मिरजेत पुरवतो. खुबा मोडलेल्या आजी रात्री दवाखान्यात येतात, ऑपरेशन थिएटरमधून फोन येतो आणि मी सेट घेऊन निघतो. कोणत्या मापाचा नेल, म्हणजे हाडात घालायची सळई, बसेल हे आधी पक्कं सांगता येत नाही. म्हणून सगळ्या मापांचे नेल, स्क्रू आणि ते बसवायची हत्यारं, असा पूर्ण सेट द्यावा लागतो. वापरला जातो एक नेल आणि दोन-तीन स्क्रू. त्यांची स्टिकरं केसपेपरवर चिकटतात, बिल सोबत लागतं आणि फाइल टीपीए डेस्कवर जाते. तिथून पुढे माझ्या पैशांचं काय झालं, हे मला कळायला मार्ग नाही.

गेल्या वर्षीचाच एक क्लेम सांगतो. आधी क्वेरी आली, स्टिकरची झेरॉक्स अस्पष्ट आहे. पुन्हा दिली. मग मी कंपनीकडून माल घेतल्याचं बिल त्यांनी मागितलं. तेही दिलं. पाचव्या महिन्यात दवाखान्याच्या अकाउंट विभागातून निरोप आला, 'वाजवी आणि रूढ दर' या कारणाने इम्प्लांटची काही रक्कम कापली गेली, तेवढी क्रेडिट नोट द्या. कोणता दर धरला ते विचारायला मी टीपीएला फोन केला. पॉलिसीधारक आहात का? नाही. हॉस्पिटलकडून बोलताय का? नाही. मग माहिती देता येणार नाही.

दवाखाना म्हणतो टीपीएने पैसे सोडले नाहीत. टीपीए म्हणतं तुमचा आमचा करार नाही. आणि खरं सांगायचं, कधी कधी पैसे आलेले असतात पण दवाखान्यातच अडकतात. दोघांपैकी कुणाकडे थांबलेत हेच ठाऊक नसेल, तर मागायचे कुणाकडे?

या काळात माझी देणी थांबत नाहीत. बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला जीएसटी भरावा लागतो, पैसे आलेले असोत वा नसोत. वापरलेला नेल लगेच भरून ठेवावा लागतो, नाहीतर पुढच्या पेशंटच्या वेळी सेट अपुरा. लघुउद्योगांचे पैसे चुकते करायला 2006 च्या कायद्याने 45 दिवसांची मर्यादा घातली आहे, पण ती उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी. आम्ही पडलो व्यापारी. जुलै 2021 मध्ये घाऊक-किरकोळ व्यापाऱ्यांना एमएसएमईत (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांत) घेतलं, तेही फक्त प्राधान्यक्षेत्रातल्या कर्जापुरतं. उशिरा मिळणाऱ्या पैशांविरुद्ध दाद मागायचा तो दरवाजा आम्हाला बंदच आहे.

कपातीचं म्हणाल, तर गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर सरकारने ऑगस्ट 2017 मध्येच कमाल मर्यादा घातली. त्या मर्यादेच्या आतल्या बिलावरही कात्री लागलेली मी पाहिली आहे. सरकारने बांधून दिलेल्या किमतीपेक्षा वाजवी दर कुठून काढला जातो, हे कुणीतरी लेखी सांगायला हवं.

प्राधिकरणाने 29 मे 2024 च्या परिपत्रकात कॅशलेसची मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायला सांगितलं. त्यामुळे बिलासाठी ताटकळणाऱ्या नातेवाइकांचे हाल कमी होतील, याचा मला मनापासून आनंद आहे. तशीच तारखेची शिस्त पुढच्या हिशेबालाही लावा. इम्प्लांटच्या रकमेत कपात करायची असेल तर ठरलेल्या दिवसांत करा आणि कोणता दर धरला ते लिहून द्या. दवाखान्याशी करार करताना त्यात एक कलम घाला, की क्लेमचे पैसे आल्यावर पुरवठादाराची रक्कम अमुक दिवसांत पुढे गेली पाहिजे. आणि पेशंटचं नाव, आजार काहीही न दाखवता, बिल क्रमांक टाकला की ती रक्कम मंजूर झाली का आणि कोणत्या तारखेला सुटली, एवढं आम्हाला दिसू द्या. स्टिकरवर लॉट नंबर आहे, बिलावर जीएसटी क्रमांक आहे. जुळवून पाहणं अवघड नाही.

माझ्याकडे अशा अडकलेल्या बिलांची एक फाइल आहे, प्रत्येकाला चलन आणि स्टिकरची प्रत जोडलेली. आपण बोलावलंत तर ती घेऊन मी हैदराबादला येईन. फक्त आदल्या दिवशी कळवा, म्हणजे रात्रीच्या फोनला सेट घेऊन जायला मागे कुणाला तरी ठेवता येईल.

आपला विश्वासू,
एक इम्प्लांट वितरक, मिरज