इंदूरची खाऊगल्ली आणि दातांचे कवच

'ऊटा बल्लवनिगे रोगविल्ल, मातु बल्लवनिगे जगळविल्ल' ही कन्नड म्हण आपल्या सीमाभागातल्या मराठी घरांतही सहज कानावर पडते. जेवावे कसे हे ज्याला कळते त्याला रोग नाही आणि बोलावे कसे हे ज्याला कळते त्याला भांडण नाही. या म्हणीचा पहिला अर्धा भाग दातांना किती लागू पडतो, हे मला इंदूरमध्ये कळले.

माझ्या नणंदेचे सासर इंदूरचे. होळकरांच्या काळापासून तिथे मराठी घरे आहेत. बोलणे मराठी, पण खाणे मात्र पक्के माळव्याचे. सकाळ उजाडते ती पोहे-जिलेबीने; पोह्यांवर शेव, जिरावन आणि वर पिळलेले लिंबू. संध्याकाळी छप्पन दुकान. आणि रात्री राजवाड्याजवळचा सराफा! दिवसा तिथे सोन्याचांदीचे व्यवहार चालतात. दुकाने बंद झाली की त्यांच्याच पुढ्यात खाण्याचे ठेले लागतात आणि मध्यरात्र उलटली तरी गर्दी हटत नाही. भुट्ट्याचा कीस, रबडी, ताटलीभर आकाराचा जलेबा, आणि थंडीत गराडू. गराडू म्हणजे एक कंद. तो तळून वर मसाला भुरभुरतात आणि सढळ हाताने लिंबू पिळतात.

माझी भाची तिथे कॉलेजात शिकते. वजन वाढू नये म्हणून रोज उठल्यावर कोमट पाण्यात लिंबू-मध आणि लगेच खसाखसा ब्रश. सराफ्यातून आल्यावर पुन्हा ब्रश. "मामी, मी दिवसातून तीनदा दात घासते, तरी पिवळे का दिसतात गं?" तिने मला विचारले. थंड पाणी प्यायले तरी दातांतून कळ जात होती. शेवटी दाताच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांना कीड कुठेच दिसली नाही, पण दातांवरचा थर झिजलेला होता. "गेलेला थर परत येणार नाही. उरलेला सांभाळायचा," ते म्हणाले. नणंदेला हे काही पटेना. "अहो वहिनी, आमच्या घरात सगळ्यांत जास्त दात घासणारी हीच!" दुखणे नेमके तिथेच होते.

दातांवरच्या या थराला आपण इनॅमल म्हणतो. मराठी पुस्तकांत दंतवल्क, तर कन्नडमध्ये दंतकवच. मला कन्नड शब्द जास्त आवडतो, कारण ते खरोखर कवचच आहे. शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ तो हाच, त्यात वजनाने सुमारे 96 टक्के खनिजे असतात. पण त्यात जिवंत पेशी नसतात. मोडलेले हाड सांधते, कापलेली कातडी भरून येते. हे कवच मात्र एकदा झिजले की पुन्हा उगवत नाही.

त्याचा शत्रू म्हणजे आंबटपणा. तोंडातली आम्लता साधारण 5.5 पीएचच्या खाली गेली की कवचातली खनिजे विरघळू लागतात. लिंबाच्या रसाचा पीएच 2 ते 3 च्या दरम्यान असतो, आणि कोला पेयेही त्याच्या जवळपासच. गोड पदार्थांची तऱ्हा निराळी. ते स्वतः आंबट नसतात, पण तोंडातले जंतू साखरेचे आम्ल करतात.

सुदैवाने आपली लाळ राखणदार आहे. ती आम्ल शमवते आणि खनिजे परत आणून बसवते. त्यासाठी तिला अर्धा-एक तास लागतो. तेवढ्या वेळात कवच मऊ असते, आणि तेव्हाच ब्रश फिरवला तर ते घासले जाते. कवच पातळ झाले की आतला पिवळसर भाग दिसू लागतो. माणसाला वाटते दात मळले, म्हणून तो आणखी जोराने घासतो आणि दात आणखी पिवळे होतात! झोपेत तर लाळ फार कमी सुटते. म्हणून रात्री एक वाजताची रबडी दुपारच्या रबडीपेक्षा दातांना महाग पडते.

इंदूरकरांना हसण्याचे मात्र कारण नाही. आपल्याकडे चिंच-मीठ, कैरी आणि लिंबू-सरबत आहेच. गोकाकचा करदंट दातांच्या फटीत चिकटून बसतो. कुठे अजून राखुंडी किंवा मीठ-कोळशाने दात घासतात, ते खरखरीत असते. मिश्री तर तंबाखूच. तिचे भय दातांपुरते नाही, तोंडाच्या कर्करोगापर्यंत जाते. शिवताना दातांनी दोरा तोडणे, अख्खी सुपारी फोडणे, बर्फ चावणे, बाटलीचे झाकण उघडणे, याही सवयी कवचाला तडे पाडतात.

मग खायचेच नाही का? खायचे, पण रीत सांभाळून. आंबट-गोड जेवणाबरोबर खावे; घोट घोट, चघळत दोन तास चालवू नये. किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, हे दातांना जास्त लागते. खाल्ल्यावर लगेच साध्या पाण्याने चूळ भरावी. आपल्या आज्या हेच सांगत आल्या. कन्नड घरातली आजी 'बायि मुक्कळिसु' म्हणते ते हेच. आंबट खाल्ल्यावर ब्रश अर्ध्या-एक तासाने करावा. ब्रश मऊ असावा, हात हलका असावा, पेस्ट फ्लोराइडची असावी. सराफ्यातून परतणाऱ्याने तिथेच चूळ भरली, तर घरी पोचून कपडे बदलेपर्यंत ब्रशची वेळ होते. सकाळी लिंबूपाणी घ्यायचेच असेल, तर दात आधी घासावेत.

एक गोष्ट विशेषतः आयांसाठी. मूल सहा वर्षांचे झाले की दुधाच्या दातांच्या मागे एक नवी दाढ येते. दुधाचा दात पडून ती येत नाही, त्यामुळे पुष्कळांना ती दुधाचीच वाटते आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते. ती कायमची दाढ असते. साठ-सत्तर वर्षे तिला त्याच एका कवचावर काढायची असतात. घरात त्या वयाचे मूल असेल, तर आज रात्री त्याला उजेडात उभे करून तोंड उघडायला सांगा आणि ती दाढ आली आहे का, ते बघा.