प्रत्येक ‘सिस्टर’ नर्स नसते

‘नर्स’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की तो परका वाटतच नाही. त्याचे मूळ लॅटिनमधल्या ‘पोषण करणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे. म्हणूनच इंग्रजीत बाळाला अंगावर पाजण्यालाही ‘नर्सिंग’ म्हणतात आणि रोपवाटिकेला ‘नर्सरी’. या शब्दाला व्यवसायाचे वजन आले ते फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यामुळे. त्यांच्या पुढाकाराने १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात प्रशिक्षणशाळा सुरू झाली. ‘सिस्टर’ हे संबोधन मात्र रुग्णसेवा करणाऱ्या जोगिणींकडून आले. ब्रिटनमध्ये सिस्टर म्हणजे वॉर्डची प्रमुख. आपल्याकडे प्रत्येक परिचारिका सिस्टर, आणि आता तर घरी येणारी आयाही.

घोळ इथेच होतो. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांसाठी ब्यूरोला फोन केला जातो, ‘नर्स पाठवा.’ येणाऱ्या मावशी प्रेमळ असतात, अंग पुसतात, कूस बदलतात, भरवतात. हे काम कष्टाचे आणि मोलाचे आहे. पण ‘सिस्टर’ म्हटले की घरचे निर्धास्त होतात आणि इन्सुलिन, नाकातली नळी, लघवीची पिशवी सारे त्यांच्यावर सोपवतात.

इन्सुलिनचेच पाहा. बाजारात मिलिलिटरला ४० युनिटच्या आणि १०० युनिटच्या अशा दोन्ही बाटल्या मिळतात व त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात. १०० च्या बाटलीतले औषध ४० च्या सिरिंजने ‘२०’ च्या खुणेपर्यंत भरले, तर शरीरात ५० युनिट जातात. साखर झपाट्याने उतरून रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. नाकातली नळी जागेवर आहे का, हे न तपासता पेज सोडली, तर ती फुप्फुसात जाऊ शकते. यात मावशींचा दोष नाही. न शिकवलेले काम त्यांच्या गळ्यात मारले जाते.

एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन आणि बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा असतो. त्यानंतर राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते. घरी कोणाला बोलावताना ही नोंदणी विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. ‘नर्स’ म्हणून पैसे घेणाऱ्या ब्यूरोने ती स्वतःहून दाखवली पाहिजे.

रुग्णाला फक्त आधार, स्वच्छता आणि सोबत हवी असेल, तर चांगली आया पुरेशी आहे. तिला योग्य मोबदला, जेवण आणि झोप मिळायला हवी. इंजेक्शन, नळी, जखमेचे ड्रेसिंग असेल, तर रोज थोडा वेळ तरी प्रशिक्षित परिचारिका यावी. दोघींना एकाच नावाने हाक मारल्याने आयाचा मान वाढत नाही, परिचारिकेच्या शिक्षणाची किंमत मात्र कमी होते. आणि त्या गैरसमजाची किंमत मोजावी लागते ती रुग्णाला.