नाकाला रोजगार द्या

मुंबई-पुण्याच्या सदनिकांतून अलीकडे जी परदेशी जातीची कुत्री दिसू लागली आहेत, त्यांत आटोपशीर अंगाचा, लोंबत्या कानांचा आणि कोणाचेही अंतःकरण क्षणात द्रवविणाऱ्या करुण डोळ्यांचा बीगल हा बहुधा सर्वांत अधिक गैरसमजुतीने घरी आणला जाणारा प्राणी असावा. विकत घेणारा त्याचा चेहरा पाहतो, आकार पाहतो, किंमत विचारतो. पण हा प्राणी पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या कामगिरीवर मुक्रर होता, याची चौकशी क्वचितच करतो. मग पिल्लू सहा-सात महिन्यांचे झाले की तक्रारींचे दप्तर उघडते: हाक मारली तर येत नाही, फिरायला नेले तर खांदा निखळेल इतके ओढते, स्वयंपाकघरातले डबे पाडते, एकटे ठेवले की इमारत डोक्यावर घेते. ‘जातच हट्टी’ असा निकाल देऊन मालक मोकळा होतो. हा निकाल एकतर्फी आहे, आरोपीची बाजू ऐकून न घेता दिलेला आहे आणि त्याचा फेरविचार झाल्याखेरीज या कुत्र्याला काही शिकवू पाहणे व्यर्थ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बीगलची वंशपरंपरागत चाकरी सशाचा माग काढण्याची. इंग्लंडात एसेक्स परगण्यातील फिलिप हनीवुड नावाच्या पाद्र्याने 1830 च्या दशकात जी टोळी पाळली, ती आजच्या बीगलचे मूळ मानली जाते. या शिकारीत शिकारी बहुधा घोड्यावर नसे. तो पायी, मागून, धापा टाकीत येई, आणि कुत्री शेतांपलीकडे, कुंपणांपलीकडे, दृष्टीआड गेलेली असत. अशा वेळी जो कुत्रा क्षणोक्षणी मागे वळून धन्याच्या मर्जीचा अंदाज घेईल, त्याचा ससा निसटलाच म्हणून समजावे. आणि म्हणून मेंढपाळाच्या कुत्र्यात ज्या गुणाची आपण तारीफ करतो, ती धन्याच्या नजरेकडे लागलेली नजर, बीगलच्या बाबतीत दोष ठरत गेली. माग सुटू न देणे, आजूबाजूच्या गलबल्याकडे दुर्लक्ष करणे आणि माग लागताच लांब हेल काढून मागच्यांना हाळी देणे, या तीन गुणांसाठी निवड होत होत जो प्राणी सिद्ध झाला, तो तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवल्यावर हेच तीन गुण आपण गुन्हे म्हणून नोंदवितो.

त्याच्या नाकाची योग्यता केवढी, याचीही आपल्याला कल्पना नसते. माणसाच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी सुमारे 50 ते 60 लाख मानल्या जातात. बीगलच्या नाकात त्या 22 कोटींच्या घरात आहेत. कुत्रा श्वास समोरून घेतो, पण सोडतो तो नाकपुड्यांच्या बाजूच्या फटींतून, त्यामुळे पुढ्यातला वास त्याच्या उच्छ्वासाने विस्कटत नाही. माग काढण्यास शिकविलेली कुत्री अवघ्या दोन ते पाच पावलांचे ठसे हुंगून माणूस कोणत्या दिशेने गेला हे ओळखतात, असे नॉर्वेतील संशोधकांनी 1993 साली दाखवून दिले. उलट मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी 1994 साली कुत्र्यांच्या बुद्धिमत्तेची जी सुप्रसिद्ध क्रमवारी लावली, तीत बीगलला 79 पैकी 72 वे स्थान मिळाले, आणि तेवढ्यावर ‘मठ्ठ’ हा शिक्का त्याच्या कपाळी बसला. परंतु ही क्रमवारी आज्ञापालनाच्या स्पर्धांत पंचाचे काम करणाऱ्यांच्या मतांवरून लावलेली होती; हुकूम किती लवकर शिकतो आणि किती वेळा ऐकतो, एवढेच तीत मोजलेले. ज्या परीक्षेत नाकाची प्रश्नपत्रिकाच नव्हती, तिच्या गुणांवरून या प्राण्याची अक्कल ठरविणे न्यायाचे नाही.

आमच्या घरी वर्षाच्या आतला एक बीगल आहे. नाव बंडू, आणि नावाला जागणारा. पावसाळ्यातील एखाद्या सकाळी, ओल्या जमिनीने वास धरून ठेवलेला असतो तेव्हा, सोसायटीच्या फाटकापाशी मासळीवालीने घटकाभर पाटी टेकलेली जागा त्याला सापडते. नाक जमिनीला टेकते, कान चिखलात लोळतात, शेपटीचे पांढरे टोक निशाणासारखे उभे राहते, आणि श्वासाचा ‘सुंइ सुंइ’ असा अखंड आवाज सुरू होतो. त्या क्षणी हाक मारून पाहावी: कान हलतसुद्धा नाही. आपल्या हुकमाची ही अवज्ञा आहे, असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः सारे चित्त ज्या कामी गुंतले आहे, त्याच्यापुढे आपला आवाज त्याच्या लेखी दूरच्या रहदारीइतकाच क्षुल्लक झालेला असतो. ओरडण्याने येथे काही साधत नाही. दोरी घट्ट धरून आपण जागच्या जागी उभे राहावे. थोड्या वेळाने दोरी सैल पडते, मान वर होते, तो वळून आपल्याकडे पाहतो. त्याच पळी उकडलेल्या कोंबडीचा एक तुकडा द्यावा, शाबासकी द्यावी आणि लगेच ‘जा, शोध’ म्हणून त्याच जागेकडे परत सोडावे.

शिक्षणाचे सारे मर्म या शेवटच्या परवानगीत आहे. खाऊ हे इनाम खरेच, पण हुंगण्याची मोकळीक हे त्याहून मोठे इनाम आहे, आणि ते आपल्या हातून मिळते असा दस्तूर एकदा पडला, की आपल्याकडे पाहणे त्याला फायद्याचे वाटू लागते. ओढून ओढून कुत्रा झाडापाशी पोचला तर ओढण्याचा पगार त्याला चुकता झाला, आणि उद्या तो अधिक जोराने ओढणार. दोरी सैल असतानाच आपले पाऊल पुढे पडेल, हा नियम घरातील सर्वांनी बिनचूक पाळला पाहिजे. हाक मारावी ती नाक जमिनीत शिरण्यापूर्वी, आणि दहा-बारा मीटरची दोरी बांधलेली असताना. प्रत्येक हाक घरी नेण्यासाठी किंवा अंघोळीसाठीच असेल, तर हाकेवर येण्यात आपले नुकसान आहे हे ध्यानी येण्याइतका तो खासा हुशार आहे. तोंडातली वस्तू हिसकावू नये, दुसरी देऊन बदलून घ्यावी. मारपिटीने तो एकच गोष्ट शिकतो, ती म्हणजे चोरी लवकर आणि लपून करणे.

घरातही नाकाला रोजगार देता येतो. जेवणाचे दाणे वाडग्यात न ओतता जुन्या टॉवेलच्या घड्यांत गुंडाळावेत, दारांमागे, खुर्च्यांखाली, गॅलरीतल्या कुंड्यांआड पेरावेत आणि ‘शोध’ म्हणावे. एवढ्या श्रमाने बंडूला जी गाढ झोप लागते, ती नुसत्या धावण्याने लागत नाही. शार्लट द्युरांतॉं आणि अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी 2019 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही पाळीव कुत्र्यांना दोन आठवडे वास घेऊन शोधण्याचा, तर काहींना मालकाच्या पायाशी चालण्याचा सराव दिला. नंतर, खाऊ असेल किंवा नसेल अशा संदिग्ध जागी ठेवलेल्या वाडग्याकडे पहिल्या गटातील कुत्री पूर्वीपेक्षा लवकर गेली, दुसऱ्या गटात असा फरक पडला नाही. हुंगण्याने कुत्र्याची वृत्ती आशावादी होते, असा अर्थ त्यांनी लावला.

यावर कोणी म्हणेल, की हे सारे कुत्र्याचे लाड झाले, शेजाऱ्यांनी काय करावे? शेजाऱ्यांची फिर्याद रास्त आहे. दुपारभर चाललेली ती हाळी ऐकून कोणाच्याही नाकी नऊ यावेत. परंतु तिचा बंदोबस्त दटावण्याने होत नाही, कारण रिकामपण आणि एकटेपण ही तिची मुळे तशीच राहतात. आणि शिस्त या जातीला लागतच नाही म्हणावे, तर 1984 साली लॉस एंजलिसच्या विमानतळावर अमेरिकेच्या शेती खात्याने बीगलांचे पथक सुरू केले, त्याचा पुरावा समोर आहे. प्रवाशांच्या सामानातून लपून येणारी फळे व मांस ही कुत्री हुडकतात, आणि सापडताच आरडाओरडा न करता त्या पेटीजवळ मुकाट बसतात. मोबदला म्हणून त्यांना खाऊ मिळतो. तेच नाक, तोच चिवटपणा, तीच खादाड वृत्ती. फरक इतकाच, की तेथे कोणी त्या नाकाशी भांडत बसले नाही, त्याला नोकरीवर ठेवले.

कुत्र्याला नुसते कोंडून ठेवून भागत नाही, ही गोष्ट आपल्या कायद्यालाही अपरिचित नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या अधिनियमाच्या 11 व्या कलमात, नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास वाजवी व्यायाम न देणे ही क्रूरताच ठरविलेली आहे. पहिल्या गुन्ह्यास दंड मात्र 10 ते 50 रुपये, म्हणजे आजच्या हिशेबाने दोन कप चहाचा. 2017 च्या नियमांनी कुत्र्यांची पैदास करणाऱ्यास राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली आणि आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकण्यास मनाई केली. एवढ्यावर थांबू नये. पिल्लू सोपविताना त्या जातीची मूळ कामगिरी, तिची रोजची गरज आणि बारा ते पंधरा वर्षांचे आयुष्य यांची लेखी समज विक्रेत्याने खरेदीदारास द्यावी, असे बंधन घालण्यास काय हरकत आहे? गृहनिर्माण संस्थांनीही मनाईच्या पाट्या रंगविण्यापेक्षा आवाराचा एक कोपरा आणि सकाळची एक ठराविक वेळ कुत्र्यांसाठी राखून दिली, तर तक्रारअर्जांची संख्या आपोआप घटेल.

बाकीचे कर्तव्य मालकाचे, आणि ते कोणावर ढकलता येणारे नाही. बीगल घरी आणणे म्हणजे आपल्या दिवसातला निदान एक तास त्याच्या नाकाच्या नावे कायमचा लिहून देणे होय. हा करार ज्यांना झेपेल, त्यांना तो हसतमुख, निरुपद्रवी आणि लहान मुलांत रमणारा सोबती मिळेल, आणि हाकेवर तो बहुतेक वेळा येईलही. ज्यांना पहिल्याच हाकेला प्रत्येक वेळी धावत येणारा कुत्रा हवा आहे, त्यांनी पैसे मोजण्यापूर्वीच दुसऱ्या जातीची चौकशी करावी. त्यात त्यांचेही हित आहे आणि त्या पिल्लाचेही.